केसांची केस: अमळनेरच्या मावशी, मास्क आणि चार पट्टे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, अमळनेरहून, मावशींच्या मोठ्या मुलीचा. आवाजावरूनच कळलं की सण काही गोड गेला नाही. म्हणाली, "भाऊ, तुम्ही ते मशीन घेऊन जा बरं. मी माहेरी आले, म्हटलं झोक्यावर बसायच्या आधी आईची वेणी घालून देते, तर हातात वेणीच येईना, नुसती उंदराची शेपटी. कानशिलावर तर कातडी दिसतेय."

मी जळगावला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करायचं आणि सीपॅप मशीन बसवून द्यायचं काम करतो. झोपेत श्वास अडकू नये म्हणून हे मशीन रात्रभर मास्कमधून दाबाने हवा देतं. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे खाली जिथे औषधाचं येईल तिथे ते डॉक्टरांनी दिलेलं आहे, मी नाही. ही केस सविस्तर लिहितोय कारण केस गळतात म्हणून मशीन सोडणारे पेशंट, त्यातही बायका, खूप पाहिले, आणि बहुतेकींनी ते कुणाला सांगितलेलंच नसतं. घशाला कोरड पडते, पोटात हवा जाते हे सांगतील, पण केसांचं सांगायला लाज वाटते, लोक म्हणतील जिवापेक्षा केस जास्त झाले का हिला. मावशींनी परवानगी दिलीये, फक्त नाव नको म्हणाल्या, आणि "कमरेपर्यंत केस होते असं नक्की लिहा" म्हणाल्या. तर होते, कमरेच्याही खाली.

मावशी ४९ वर्षांच्या, घरीच शिवणकाम करतात, ब्लाऊज, पिको-फॉल, लग्नसराईत तर रात्री अकरापर्यंत मशीन चालू. स्टडी झाली डिसेंबर २०२४ मध्ये. बीपीच्या दोन गोळ्या चालू असून बीपी हटत नव्हतं, आणि शिवता शिवता डोळा लागायचा, एकदा सुई बोटाच्या नखातून आरपार गेली तेव्हा घरच्यांनी मनावर घेतलं. काका सांगायचे की घोरता घोरता एकदम सगळं शांत होतं, मग मीच हलवतो. रिपोर्टमध्ये तासाला ४१ वेळा श्वास अडकत होता किंवा अपुरा पडत होता. हा आकडा ५ च्या आत पाहिजे, ३० च्या वर गेला की गंभीर धरतात. ऑक्सिजन एका क्षणी ७४ पर्यंत खाली. छातीच्या डॉक्टरांनी ऑटो मशीन, म्हणजे हवेचं प्रेशर गरजेप्रमाणे आपोआप कमी-जास्त करणारं, लिहून दिलं, आणि १२ जानेवारीला मी जाऊन बसवून आलो. तेव्हा सर्दी होती, नाक बंद, म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला, ज्याला मागे चार पट्टे असतात, दोन कानाच्या वरून जाणारे, दोन कानाखालून मानेकडे.

पहिले पंधरा दिवस एकदम मस्त, काकांचा स्वतःहून फोन आला होता की ती दुपारची आडवी होत नाही आता. मग तास कमी होत गेले. ही मशीनं रोजचा हिशोब मोबाईलवर पाठवतात, किती तास लावलं, हवा किती गळली, श्वास किती अडकला. फेब्रुवारीत सरासरी तीन तास, मार्चमध्ये अर्धा तास, २० मार्चनंतर शून्य. मला दिसत होतं ते. मी एकदा फोन केला, त्या म्हणाल्या "लावते भाऊ, लावते", आणि मी पुढच्या पेशंटकडे गेलो. ही माझी चूक, तेव्हाच गाडी काढून गेलो असतो तर दीड महिना वाचला असता.

मेच्या पहिल्या आठवड्यात गेलो, आणि मुद्दाम रात्री गेलो. मास्कची तक्रार दिवसा, खुर्चीत बसून, चहा पिता पिता सुटत नाही हे मला आठ वर्षांनी समजलंय. जळगाव ते अमळनेर तास-दीड तास, पारा दिवसा ४४ ला टेकलेला, रात्री साडेआठलाही बोरी नदीच्या पुलावर गरम वारा तोंडावर येत होता. घरात शिरलो तर मावशी दारातच म्हणाल्या, "दख भाऊ, बठ्ठा केस चालना ग्यात," म्हणजे बघा, सगळे केस गेले, आणि पदर मागे घेतला. काका आतून म्हणाले, "जीव ऱ्हायना ते केस येतीन." यावर मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की तो विषय या घरात रोज निघत असणार हे मला कळलं.

मी म्हटलं, मला काही सांगू नका, तुम्ही मशीन लावत होतात तेव्हा झोपायच्या आधी रोज जे करायचात ते सगळं जसंच्या तसं करून दाखवा, मी नाहीच असं समजा.

तर आधी तेल. खोबरेल, जास्वंद आणि मेथीदाणा घालून उकळलेलं, कोमट करून, चांगली वाटीभर. केस मुळापासून चोपडले, चोळले, मग उरलेला हात कपाळावरून आणि गालांवरून फिरवला. अमळनेरला तेलाचं काय कौतुक, विप्रो म्हणून आज जी कंपनी आहे ती १९४५ साली याच गावात वनस्पती तूप-तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली, असो. तेल झालं, मग सगळे केस मागे ओढून मानेच्या वर घट्ट बुचडा, काळ्या रबरबँडने तीन वेढे. मग मास्क. मास्कच्या खालच्या पट्ट्यांना क्लिप असतात, त्या काढून घालायचा असतो, पण मावशी तो हेल्मेटसारखा वरून खाली ओढत होत्या, सगळे पट्टे तसेच, त्यामुळे कानशिलावरचे केस दरवेळी त्या पट्ट्यासोबत घसटत खाली येत होते, आणि वेलक्रोच्या टोकाला चार-पाच केस अडकून तुटलेले तर मला टॉर्चमध्ये दिसलेच. मास्क बसला, मशीन सुरू झालं, हवा नाकाच्या बाजूने फुस्स. मावशींनी पट्टा ओढला. परत फुस्स. परत ओढला. पाच मिनिटांत चारही पट्टे शेवटच्या टोकाला, गालाची कातडी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलेली, आणि फुस्स चालूच. मशीन लावायची तेव्हा सकाळी पट्ट्याचे वळ दहा वाजेपर्यंत जायचे नाहीत असं मुलगी म्हणाली.

हे सगळं एकमेकांत अडकलेलं होतं. बुचडा बरोबर तिथे येत होता जिथे मास्कची मागची पट्टी बसायला पाहिजे, डोक्याच्या मागच्या फुगीर हाडाखाली. जागा नाही म्हणून ती पट्टी वर सरकायची, ती वर सरकली की मास्क नाकाच्या दांड्याकडून उचलला जायचा, आणि तिथून हवा. दुसरीकडे गालावर तेल, त्यावर मास्कची सिलिकॉनची कड टिकणारच नाही, घसरणारच. हवा गळते म्हणून ओढायचं, ओढलं की सिलिकॉनची पातळ कड दुमडते आणि आणखी गळते, कारण ती कड हवेने फुगून चेहऱ्याला चिकटावी अशी बनवलेली असते, दाबून नाही. म्हणजे घट्ट करून गळती थांबत नाही, वाढते. हे मी पेशंटना दहा वेळा सांगतो, पण हवा कानाशी फुसफुसायला लागली की माणसाचा हात पट्ट्याकडेच जातो, माझाही गेला असता.

आणि पट्टे. काळे पट्टे तेल पिऊन पिऊन चामड्यासारखे झालेले. नाकाजवळ नेले तर जुन्या पणतीचा वास. विचारलं धुतले कधी, म्हणाल्या "मशीनले पानी लावानं नही असं मन्हा डोकात व्हतं." मी जानेवारीत धुवायचं सांगितलं होतं, पण सांगितलं होतं त्या मशीन आणि नळी आणि फिल्टर आणि पाणी भरायचं या सगळ्याच्या मध्ये, घाईत, कुणाच्या लक्षात राहणार.

पण खरी गोष्ट अजून पुढे आहे, कारण एवढं बघून मी जर "पट्टे सैल करा, तेल बंद करा" म्हणून निघून आलो असतो तर अर्धीच केस सुटली असती. मुलगी म्हणत होती सगळं डोकं विरळ झालंय, फक्त कानशील नाही. आता चार पट्टे सगळं डोकं कसं विरळ करतील? पट्टा जिथून जातो तिथलेच केस जायला पाहिजेत. म्हणून आम्ही एक उद्योग केला. मावशींना मास्क घालायला लावला आणि मुलीने पट्ट्यांच्या दोन्ही कडांना केसांत टिकटॅक पिना लावल्या, पूर्ण वाट आखून घेतली, मग मास्क काढला. आधी मावशींचा शिवणाचा खडू वापरून बघितला होता, तेलकट केसांवर तो उमटेचना. मग कंगव्याने भांग पाडत पाडत, पिनांच्या आत आणि पिनांच्या बाहेर, मोबाईलवर फोटो काढले, सोबत मोजपट्टी ठेवून.

पिनांच्या आत, दोन्ही कानशिलांवर आणि कानाच्या वर, केस विरळ होते आणि जे होते ते आखूड, वेगवेगळ्या लांबीचे, टोकं तुटलेली. डाव्या बाजूला जास्त, कारण मावशी डाव्या कुशीवर झोपतात, म्हणजे पट्टा डोकं आणि उशी यांच्यात रात्रभर घासायचा. मानेवर बारीक लाल पुटकुळ्या. पण पिनांच्या बाहेर, टाळूवर, भांगात, मागे, तिथे केस तुटलेले नव्हते, तिथे ते मुळासकट जात होते. मुलीने सकाळच्या कंगव्यातले केस कागदात गुंडाळून ठेवले होते, पुरावा म्हणून, मला दाखवायला आणि बहुतेक माझ्याशी भांडायला. ते उलगडले. लांबच लांब केस, आणि एका टोकाला पांढरा बारीक ठिपका. तुटलेल्या केसाला तो नसतो. मुळातून सुटून पडलेल्या केसाला असतो.

म्हणजे गळती दोन प्रकारची होती आणि सगळा दोष एकट्या मशीनच्या माथी होता.

मग मी विचारलं, मशीनच्या आधी काही मोठं आजारपण? काकाच म्हणाले, दिवाळीला ती दवाखान्यात होती ना, डेंग्यू, पाच दिवस सलाईन. दिवाळी २०२४, म्हणजे ऑक्टोबरची अखेर. जोरदार ताप, ऑपरेशन, बाळंतपण अशा धक्क्यानंतर बरेचसे केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात, पण पडतात ते लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मशीन आलं १२ जानेवारीला, केसांचा पुंजका हातात यायला लागला जानेवारीच्या शेवटी. ज्याच्यावर आळ आला ते नुकतंच घरात आलेलं पाहुणं होतं. ताप केव्हाच विसरला गेला होता, मशीन मात्र रोज उशाशी दिसत होतं.

पण हे ठरवणं माझं काम नाही म्हणून जळगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, फोटो आणि कंगव्यातले केस सोबत घेऊन जा म्हटलं. मुलीने नेलं, मेच्या मध्याला. त्यांनी भिंगाने डोकं बघितलं आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन १०.४. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, ते ११, फारच कमी, पाळी बंद होण्याच्या आधीची दोन वर्षं खूप रक्त जात होतं ते मावशींनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. थायरॉईड नॉर्मल निघालं. थायरॉईड बघायलाच हवं होतं कारण ते कमी असलं की केसही जातात, वजनही वाढतं आणि झोपेतला श्वासही जास्त अडकतो, म्हणजे एकाच दारातून तिन्ही पाहुणे. डोक्यात खपल्यांचा चिकट कोंडा होता, त्याची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते पण तेल, घाम आणि बंद हवा मिळाली की माजते. त्यासाठी २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. लोहाच्या गोळ्या. आणि कानशिलाबद्दल डॉक्टर म्हणाले की ही ओढीची गळती आहे, घट्ट वेणी घालणाऱ्या मुलींना होते तशीच, अजून मुळं जिवंत दिसतायत, ओढ थांबली तर येतील, पण वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळाच्या जागी वण होतो आणि मग तिथे काही उगवत नाही.

मध्ये कुणीतरी मावशींना कांद्याचा रस आणि लिंबू चोळायला सांगितलं होतं, आठ दिवस चोळलं, मानेवरच्या त्या पुटकुळ्या त्याच्यानेच जास्त चिघळल्या असं दिसलं. ते बंद.

आता मास्क. मी नवीन सायझेस घेऊन परत गेलो. इथे मावशींनी मला एक गोष्ट शिकवली जी मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये इतकी सरळ सांगितली नव्हती. मी माप घ्यायला त्यांना खुर्चीत बसवलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी ब्लाऊजचं माप घेते तर बाईला हात वर करायला लावते, कारण ती हात वर करून काम करणार. तुम्ही झोपून घालायच्या वस्तूचं माप बसवून कसं घेता?" गप्पच बसलो. जानेवारीत मी तेच केलं होतं, खुर्चीत, दिवसा, आणि मशीन तेव्हा ४ च्या हलक्या प्रेशरवर होतं, तर रात्री झोपेत त्यांना लागत होतं ११ च्या आसपास. झोपलं की गाल मागे-खाली ओघळतात, चेहऱ्याचा आकार बदलतो. म्हणजे मी दिलेला लार्ज मास्क बसल्या बसल्या ठीक होता आणि झोपल्यावर मोठा. खोटं कशाला बोलू, अर्धे वळ माझ्याच मापाचे होते.

मग पलंगावर आडवं करून, डाव्या कुशीवर, मशीनचं प्रेशर रात्रीइतकं चढवून माप घेतलं. मीडियम बसला. पट्टे आधी सगळे सैल सोडले, हवेने कड फुगू दिली, मग खालचे थोडे, वरचे थोडे, दोन्हीकडून सारखे, जेमतेम गळती थांबेपर्यंत. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत एवढं. मावशींचा विश्वासच बसेना की एवढा ढिला पट्टा टिकेल. मोबाईलवर लीकचा आकडा दाखवला तेव्हा बसला. वेलक्रो जिथे लावला तिथे त्यांनीच पांढऱ्या धाग्याचा टाका मारून खूण केली, धुतल्यावर परत तिथेच लागावा म्हणून. आणि मास्क घालताना-काढताना क्लिपाच सोडायच्या, वेलक्रोला हात नाही. काही मास्कना लोहचुंबकाच्या क्लिपा येतात, केसांसाठी त्या फार सोयीच्या कारण ओढावं लागत नाही, पण घालणाऱ्याच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या अंगात पेसमेकर किंवा तसं काही धातूचं उपकरण असेल तर त्या चालत नाहीत, आधी डॉक्टरांना विचारायचं. काकांना बायपासनंतर पेसमेकर बसवलेला आहे, म्हणून साध्याच क्लिपा ठेवल्या.

तसे आपण नशीबवान म्हणायचे. सीपॅप १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी जगासमोर आणलं, तेव्हा सुरुवातीच्या पेशंटना मास्क रोज रात्री नाकाला वैद्यकीय गोंदाने चिकटवावा लागायचा. हे मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, मग त्यांचे केस तरी राहिले असतील.

केसांची रचना बदलायला मात्र खूप वाद झाला. बुचडा सोडायला तयार नव्हत्या, मोकळे सोडले तर नळीत गुंततात, आणि मोकळे केस घेऊन झोपू नये असं सासूबाईंनी सांगितलेलं. शेवटी एक सैल वेणी, ती मागे न ठेवता खांद्यावरून पुढे घ्यायची, टोकाला रबरबँड नाही तर कापडाचा जाड बँड, त्यांनीच कतरणीतून शिवला. मागची पट्टी मग बरोबर हाडाखाली बसली. ज्यांना वेणी नको त्यांनी सैल अंबाडा थेट टाळूवर बांधला तरी चालतो, पट्ट्यांच्या मध्ये मोकळी जागा असते तिथे येतो. रात्री न्हाऊन ओल्या केसांवर मास्क लावायचा नाही, ओला केस ताणला की लवकर तुटतो, आणि पट्ट्याखालचा ओलावा सकाळपर्यंत वाळत नाही.

तेल बंद करा म्हणालो असतो तर त्यांनी मला हाकललं असतं. म्हणून वेळ बदलली. रविवारी सकाळी लावायचं, दोन तास ठेवायचं, मग धुवायचं, रात्री डोकं कोरडं. झोपायच्या आधी चेहरा साबणाने धुवून पुसायचा, क्रीम नाही. सिलिकॉनची कड तेलाने मऊ पडून लवकर खराब होते, हा पैशाचा मुद्दा मात्र लगेच पटला, नवीन कडेची, म्हणजे कुशनची, किंमत सांगितल्याबरोबर.

मग टोपीची भानगड. पट्टा आणि केस यांच्यामध्ये काहीतरी गुळगुळीत असावं म्हणून मी म्हटलं साटिनची टोपी घाला. मावशींनी ब्लाऊजच्या अस्तराच्या तुकड्यांतून एका दुपारी शिवलीसुद्धा, छान, इलॅस्टिक लावून. पहिल्याच रात्री सगळं फसलं. साटिनवर पट्टे घसरले, मास्क रात्री तीनदा डोळ्यांवर चढला, टोपी सकाळी उशीखाली, वर त्या उकाड्यात डोकं घामाने निथळलेलं आणि इलॅस्टिकचा कपाळावर नवीनच वळ. म्हणजे एक पट्टा कमी होता की काय म्हणून पाचवा दिला मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उसवली. मला फोनवर म्हणाल्या, "सगळ्या ब्लाऊजला कुणी अस्तर लावतं का, जिथे टोचतं तिथे लावतात." त्यांनी पट्ट्यालाच खोळ शिवली, दोन्ही कानशिलांच्या भागापुरती, आतून साटिन म्हणजे केसाकडून गुळगुळीत, आणि बाहेरून मऊ सुती, शिवण बाहेरच्या बाजूला म्हणजे टोचणार नाही, काढून धुता यावी म्हणून प्रेस बटण. मागची पट्टी तशीच उघडी, ती पकड धरायला पाहिजे. टोपी नाही, उकाडा नाही. उशीला मात्र साटिनचं कव्हर, म्हणजे डाव्या कुशीवर वळलं तर डोकं घासण्याऐवजी सरकतं. अशा खोळी बाजारात मिळतात, पण त्या गालासाठी असतात, वळ पडू नये म्हणून, कानशिलापर्यंत लांब नसतात.

धुण्याचं थोडक्यात. कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने, पट्टे आठवड्यातून एकदा बादलीत हाताने. कपड्यांची पावडर नाही, ब्लीच नाही, पिळायचं नाही, आणि गच्चीवर उन्हात तर अजिबात नाही, खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात पट्ट्याचं इलॅस्टिक लवकर सैल पडतं, मग परत घट्ट ओढायची पाळी. सावलीत वाळवायचे. जुने पट्टे तीनदा धुतले तरी वास जाईना, ते फेकले, नवीन दोन जोड घेतले, एक धुण्यात एक वापरात. दुसऱ्या जोडाचे पट्टे मुद्दाम बोटभर वर बसतील असे लावले, म्हणजे ओढ रोज एकाच रेषेवर पडत नाही.

सर्दी गेलेली होती म्हणून फक्त नाकाचा छोटा मास्क, ज्याला पट्टे कमी असतात, तो पण डॉक्टरांना विचारून जूनमध्ये करून बघितला. तोंड उघडं पडायचं, सकाळी घसा कोरडा आणि लीक परत वर. सोडून दिला. कमी पट्ट्यांचा मास्क केसांना बरा हे खरं, पण ज्याला चालतो त्यालाच.

आकडे असे. लीक मे महिन्यात मिनिटाला ४६ लिटर होता, या मशीनच्या हिशोबात २४ च्या आत पाहिजे, जूनच्या शेवटी १२. वापर रात्री सव्वासहा तास. श्वास अडकणं तासाला ३ च्या खाली. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली, पण त्यात वजन चार किलो उतरलं त्याचाही हात असणार, सगळं श्रेय मशीनला देत नाही.

केसांना मात्र वेळ लागला. कंगव्यातली गळती जूनमध्येही चालूच होती, मावशी रोज मोजायच्या, दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही पडतात हे सांगूनही. एकदा रात्री साडेदहाला मेसेज आला, नुसता आकडा, १३४. जुलैच्या मध्यापासून तो शंभराच्या आत आला. ऑगस्टच्या सुरुवातीला कानबाईच्या सणाला गेलो होतो, रोट खायला बोलावलं होतं, तेव्हा मुलीने मोजपट्टी आणली आणि परत पिना लावून फोटो काढले. उजव्या कानशिलावर अडीच सेंटिमीटरचे बारीक केस, ताठ उभे, कुंच्यासारखे. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे हिशोब बरोबर मेपर्यंत जात होता. मावशींना ते आवडले नव्हते, "पोरीसारखे दिसतात" म्हणून पाणी लावून बसवत होत्या.

डाव्या कानाच्या वर तेवढी रुपयाएवढी जागा अजून तशीच आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी आणखी सहा महिने बघू म्हटलंय. मावशींनी भांग उजवीकडून डावीकडे नेलाय आणि ती झाकलीये. मी उजव्या कुशीवर झोपून बघा म्हटलं तर तिकडे काका घोरतात म्हणाल्या.

तेलाचं विचाराल तर रविवार सकाळ ठरलीये. पण मोबाईलवर दर शनिवारी रात्री लीकचा आकडा बाकीच्या दिवसांपेक्षा दुप्पट दिसतो, बरोबर शनिवारीच. मी अजून विचारलेलं नाही.